मालवणला मासे खायला निघालेल्या नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर मालवणजवळचं आणि सासर नागपूरचं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्ट्यांची तिकिटं निघाली की इकडे माझा फोन सुरू होतो. ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, सगळ्यांना एकच हवं असतं : "चांगल्या हॉटेलचं नाव सांगा ना, ताई." नाव मी सांगत नाही. स्वयंपाकी बदलला की चांगलं हॉटेल महिन्याभरात कामातून जातं आणि शिव्या मला बसतात. त्यापेक्षा कुठल्याही हॉटेलात नीट जेवून कसं उठायचं, ते इथे लिहून ठेवलं आहे.

टेबलावर बसल्यावर पहिलं काय विचारायचं?

"आज काय आलंय?" मेनूकार्ड वर्षभरासाठी छापलेलं असतं, होडी मात्र रोज येते. कधी वारा फिरतो, कधी उधाण असतं, कधी जाळ्यात नुसता बांगडाच बांगडा. वेटर म्हणाला, "सगळं आहे," तर सावध व्हा. सगळं फक्त फ्रीझरमध्ये असतं. "सुरमई आज नाही, बांगडा आणि मुडदुशी चांगली आहे," असं उत्तर आलं तर निवांत बसा, माणूस खरं बोलतोय.

दुसरा प्रश्न, "मासा दाखवता का?" यात लाजण्यासारखं काही नाही. चांगल्या खानावळीत कच्चे मासे ताटात मांडून टेबलापर्यंत आणून दाखवतात. दाखवायला कां-कूं करणाऱ्यांकडे डाळभात खावा आणि उठावं.

दाखवला तरी आम्हाला काय कळणार?

भोईपुऱ्यात रोहू घेताना जे बघता, तेच. कल्ले लाल हवेत, तपकिरी किंवा राखाडी नकोत. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला आणि दुधाळ नको. बोटाने दाबलं तर मांस परत वर यायला हवं. वास समुद्राचा असला तर ठीक. नाकात झणझणणारा, मुतारीसारखा असला तर ताट परत पाठवा.

बांगड्याची परीक्षा पोटावर होते, कारण तो आधी तिथेच उतरतो. माझी काकी मालवणच्या बाजारात टोपलीपुढे उकिडवी बसते, एका अंगठ्याने कल्ला उचलते आणि दुसऱ्याने पोट दाबते. पोट मऊ लागलं की विकणारीकडे बघतही नाही. "कालचो आसा ह्यो," एवढंच म्हणते आणि पुढच्या टोपलीपाशी सरकते. विकणारीही वाद घालत नाही, दोघींना माहीत असतं.

सुरमईच्या कापलेल्या तुकड्यांचं कठीण. डोकं दिसत नाही, डोळा दिसत नाही. मधल्या काट्याभोवतीचं मांस काट्याला घट्ट धरून आहे का आणि तुकड्याच्या कडा सुकून पिवळ्या पडल्यात का, एवढंच बघता येतं. खेकडा जिवंत आणि हाताला जड लागणारा घ्या. आकाराने मोठा पण हलका म्हणजे आत पाणी. अमावास्येच्या सुमारास खेकडा भरलेला मिळतो आणि पौर्णिमेला पोकळ, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मी मात्र तिथीपेक्षा वजनावर भरवसा ठेवते. तिसऱ्यांचे शिंपले शिजवण्याआधी बंद हवेत आणि शिजल्यावर उघडलेले. ताटात एखादा बंदच राहिला असेल तर तो खटपट करून उघडू नका, बाजूला ठेवा.

सुरमई थाळी घ्यावी की पापलेट थाळी?

नागपूरहून आलेल्या दहापैकी नऊ जण याच दोन नावांत अडकतात, कारण ही दोनच नावं आपल्यापर्यंत पोचलेली असतात. दोन्ही मासे उत्तम आहेत. पापलेट तर २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. पण मागणी जास्त म्हणून भाव जास्त, आणि मागणी जास्त म्हणूनच साठवलेला मासा पुढे सरकवण्याचा मोहही यांच्याच बाबतीत जास्त. शिवाय तळहाताएवढं पापलेट स्वस्तात मिळालं म्हणून खूश होऊ नका. ते अजून वाढायचं राहिलेलं पिल्लू असतं, ना त्यात मांस ना चव.

माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी बांगडा घ्या. स्वस्त, तेलकट, चवीला ठसठशीत आणि घरच्या जेवणात रोज लागतो म्हणून रोज ताजा. आडव्या चिरा देऊन मसाला भरलेला बांगडा तव्यावरून थेट ताटात आला पाहिजे. त्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, मिळालं तर भाकरीशी खा. दुसऱ्या दिवशी मुडदुशी किंवा सौंदाळे. सुरमई तिसऱ्या दिवशी, तीही आज आलेली असेल तरच.

बोंबील मात्र मालवणात मागू नका. तो मुख्यतः रायगड-मुंबईपासून वर गुजरातपर्यंतच्या किनाऱ्याचा मासा. अलिबागला गेलात तर भरपूर खा.

आणि एक. "बोनलेस फिश फ्राय", "फिश फिंगर", "फिश टिक्का" असं काही दिसलं तर मासा कोणता, ते विचारा. बहुतेकदा बासा निघतो. बासा गोड्या पाण्यातला, तळ्यात वाढवलेला मासा आहे. हजार किलोमीटर गाडी हाकून समुद्राकाठी तळ्यातला मासा खायचा असेल तर आपला भंडारा काय वाईट आहे? कोळंबीचंही तसंच. शेततळ्यातली व्हेनामी आता सगळीकडे पोचली आहे. खायला वाईट नसते, पण समुद्राच्या किंवा खाडीच्या कोळंबीचा गोडवा तिला नाही. विचारलं की सांगतात.

तिकडची माशांची नावं कळत नाहीत.

जेवणापुरतं एवढं पुरे : इसवण म्हणजे सुरमई, सरंगा म्हणजे पापलेट, पेडवे म्हणजे तारली, सुंगटं म्हणजे कोळंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे, मोरी म्हणजे लहान शार्क, माकूल म्हणजे स्क्विड, शेवंड म्हणजे लॉब्स्टर. हलवा दिसायला पापलेटसारखा पण काळपट. रश्श्यात तो पापलेटापेक्षाही चांगला लागतो, हे माझं मत. मत आहे, भांडू नका.

आम्ही सावजी खाणारी माणसं. तिथलं तिखट पुरेल का? आणि वर तर्री काहून नसते?

तर्री शोधत बसाल तर मालवणी जेवण आवडणारच नाही. सावजी रस्सा म्हणजे भाजलेला गरम मसाला आणि वर तेलाचा थर. मालवणी माशाच्या आमटीचा जीव ताज्या नारळाच्या वाटणात आणि आमसुलाच्या आंबटपणात. तेल नावाला. मासा पटकन शिजतो आणि चवीला नाजूक असतो; त्याला सावजी मसाल्यात घातलं तर मसालाच खाल, मासा नाही. तिखट हवंच असेल तर कोळंबीचं किंवा खेकड्याचं सुकं मागवा, त्याला मसाला पेलतो. मोरीचं मटणही मसालेदार असतं आणि मटण खाणाऱ्यांना ते लगेच जमतं.

"एक्स्ट्रा स्पायसी करा" असं मात्र सांगू नका. रस्सा झालेला असतो, वरून लाल तिखट भुरभुरवून आणतात आणि चव बिघडते.

बांगड्याच्या रश्श्यात लवंगेसारखं काहीतरी दाताखाली आलं आणि जीभ बधिर झाली. काय होतं?

तिरफळ. बांगडा, तारली अशा उग्र माशांच्या रश्श्यात मुद्दाम घालतात, वासासाठी. चावायचं नसतं, काट्यांबरोबर ताटाच्या कडेला काढायचं. जीभ थोड्या वेळात ठिकाणावर येते.

काट्यांचं काय? पोट्ट्यांना काय द्यायचं?

नागपूरकरांना समुद्राच्या काट्यांची भीती वाटते याचं मला हसू येतं. रोहू-कतल्याच्या मांसात आडवेतिडवे, इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचे बारीक काटे असतात. ते खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला सुरमई म्हणजे सुट्टी आहे. तिच्या तुकड्यात मधला मोठा काटा आणि कडेचे थोडे, बस. पापलेटाचं तेच. बांगड्याचा मधला काटा सरळ असतो : वरची बाजू शेपटीकडून डोक्याकडे बोटांनी उचलायची, ती काट्यावरून सुटते, मग अख्खा काटा उचलून बाजूला, खालची बाजू मोकळी. पोटाकडचे बारीक काटे मात्र बघून काढायचे. मांदेली कुरकुरीत तळलेली असेल तर डोक्यासकट खातात. तारलीला काटे खूप, सवय नसेल तर राहू द्या.

पोट्ट्यांना सुरमईचा पाठीकडचा तुकडा नाहीतर सोललेली कोळंबी. पहिल्या वेळी मोठ्यांनी हाताने चाचपून द्यायचं. काटा-चमचा नको, बोटाला जे कळतं ते काट्या-चमच्याला कळत नाही.

काटा घशात अडकलाच तर भाताचे मोठे घास गिळायला सांगतात, पण मोठा काटा त्याने आणखी आत रुततो. खोकून, पाणी पिऊन बघा. टोचणं थांबलं नाही तर दवाखाना.

थाळीत काय काय येतं?

तळलेला मासा, माशाची आमटी, बहुतेक ठिकाणी एखादं सुकं (तिसऱ्या, कोळंबी किंवा जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी), भात, चपाती किंवा तांदळाची भाकरी आणि सोलकढी. वडे हवे असतील तर ते कोंबडीबरोबर, माशाबरोबर नाही. भात काही ठिकाणी उकड्या तांदळाचा, जाड आणि लालसर असतो. चिन्नोरच्या सुवासावर वाढलेल्यांना आधी तो नकोसा वाटतो, पण माशाची आमटी याच भातात मुरते. दोन घास खाऊन मग ठरवा.

सोलकढी शेवटी प्या, आणि एक वाटी भातावरही घ्या. नारळाचं दूध, कोकमाचं आगळ, लसूण, मिरची एवढाच तिचा मामला. रंग फिकट गुलाबी असतो. सरबतासारखी भडक गुलाबी दिसली तर आगळाऐवजी रंगाने काम भागवलंय का, ही शंका घ्यायला हरकत नाही.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीचच्या आत उरका. घरगुती खानावळी तीननंतर आवरतात आणि संध्याकाळी उशिरा पुन्हा पेटतात. किल्ला बघून चार वाजता थाळी शोधणाऱ्यांना भजी मिळतात. देवबाग-तारकर्लीकडच्या घरगुती खानावळींना सकाळी फोन करून माणसं किती आणि मासा कोणता, ते सांगून ठेवलं तर त्या हिशोबाने बाजार होतो. तिथल्या काकींना "काकी" किंवा "वैनी" म्हणा. "मॅडम" म्हटलं की त्या अवघडतात. खिशात थोडी रोख असू द्या, मोबाइलची रेंज तिथे भरवशाची नाही.

बिल बघून डोळे पांढरे झाले. फसवलं का?

बहुतेक वेळा फसवलेलं नसतं, विचारलेलं नसतं. थाळीचा भाव ठरलेला असतो, पण त्यातला तुकडाही बेताचा असतो. तो संपल्यावर आपण दिलखुलासपणे म्हणतो, "अजून एक पापलेट आणा," आणि ते थाळीबाहेरचं पापलेट आकारानुसार लागतं. मेनूकार्डावर भावाच्या जागी "साइजप्रमाणे" लिहिलंय म्हणजे रोजचा बाजारभाव. मासा दाखवतानाच विचारा, "याचे किती?" खेकडा आणि शेवंड वजनावर असतील तर जिवंत असताना वजन करून घ्या. आकडा ऐकून नको वाटलं तर तिथेच नको म्हणा, कुणी रागावत नाही. एकदा तव्यावर पडल्यावर बोलायला जागा राहत नाही.

पावसाळ्यात जावं का? तेव्हा हॉटेलं स्वस्त असतात.

हॉटेलं स्वस्त असतात कारण मासा नसतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. या दिवसांत ताटात मोठी सुरमई आली तर ती बर्फातून आलेली आहे असंच समजा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की खरा हंगाम उघडतो, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला.

तरी पावसाळ्यात गेलातच तर खाडीतलं काय आहे, ते विचारा. पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतांकडे वर चढणारे चढणीचे मासे हा कोकणी माणसाचा सण असतो, पण ते हॉटेलात क्वचितच मिळतात. कुणाच्या घरी ओळख असेल तर नशीब. नाहीतर सुक्या माशांचं जेवण मागा. सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर भाजून, पेजेबरोबर. हे खाऊन आलेला नागपूरकर मला अजून भेटायचा आहे.

मे महिन्याबद्दलही सांगते, कारण शाळेच्या सुट्ट्यांमुळे निम्मं नागपूर तेव्हाच निघतं. आपले पंचेचाळीस अंश सोडून थंड हवेला जातोय असं समजू नका. पारा तिथे कमी असतो, पण घाम असा फुटतो की आपला कूलर आठवतो. आंबे, फणस, करवंदांसाठी जा, माशांसाठी हिवाळा.

कोणत्या दिवशी मासे खाऊ नयेत?

तुमचे वार तुम्ही पाळता ते पाळा. तिकडेही अनेक घरांत सोमवार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी बाजार जरा थंड असतो. श्रावणात आणि गणपतीत खानावळीवाल्यांच्याच घरी चूल शाकाहारी असते, काही बंदही ठेवतात. आधी फोन करा.

आमच्या सोबत सासूबाई आहेत, त्या शुद्ध शाकाहारी.

उपाशी राहणार नाहीत. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, केळफुलाची भाजी, फणसाची भाजी, उन्हाळ्याच्या तोंडाला ओल्या काजूंची उसळ. यातलं बरंचसं मेनूकार्डावर नसतं, सकाळी सांगितलं तर करून देतात. पण मासे तळण्याच्या खानावळीत तवा आणि झारा एकच असू शकतो, वासही येणारच. ज्यांना ते चालत नाही त्यांना शाकाहारी खानावळीत बसवा आणि तासाभराने आणायला जा. दोघांचीही जेवणं सुखाची होतात.

माशावर दूध घेतलं तर कोड येतं का?

नाही. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने कोड येतं असं वैद्यकशास्त्रात कुठेही सिद्ध झालेलं नाही. आयुर्वेद या जोडीला विरुद्ध आहार मानतो, ते पाळायचं असेल तर जरूर पाळा. आपल्या नागपुरातली बंगाली कुटुंबं दह्यातला मासा पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. सोलकढीतलं दूध तर नारळाचं, तिच्याबद्दल शंकाच नको.

खाल्ल्यावर अंगाला खाज सुटली, तोंड लाल झालं तर?

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या यांची खरी अ‍ॅलर्जी काही जणांना असते. आधी कधी त्रास झाला असेल तर मागवतानाच सांगा, आणि मासा त्याच तेलात तळतात हेही लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट बांगडा, सुरमई, ट्यूना अशा माशांची. हे वेळेवर बर्फात गेले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. जिभेला मिरीसारखं चुरचुरतं, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं. मासा कितीही शिजवला तरी ते जात नाही, म्हणून चुरचुर जाणवली की घास थांबवा. श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला तर हॉटेलवाल्याशी वाद घालत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

गरोदर बाईने मोरी आणि मोठी सुरमई टाळावी, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो. बांगडा, तारली चालतात. शिंपल्यातलं काहीही नीट शिजलेलंच खावं.

गाडीने कसं जायचं? वाटेत काय खायचं?

वर्धा, यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर, मग घाट उतरून खाली. मध्ये एक मुक्काम करा. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. तो अलिबाग, मुरूड, हर्णैकडे जाणाऱ्यांच्या कामाचा. मालवणला त्याने वळसा पडतो. हर्णैला गेलात तर बंदरावरचा माशांचा लिलाव चुकवू नका. घाट उतरण्याआधी कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा भरपेट चेपू नका. फोंडा घाटात गाडी लागली की पुढचे दोन दिवस माशाचा वासही नकोसा होतो.

एवढं लांब जाण्यापेक्षा नागपुरातच समुद्राचे मासे खाल्ले तर?

खा की. बर्फातून येतात, नीट राखलेले असले तर सुरमई, पापलेट ठीक लागतात. बांगडा मात्र मी इथे हात लावून बघितल्याशिवाय घेत नाही. आणि खरं सांगू का, नागपुरात असताना मी भंडारा-गोंदियाच्या तलावांतला मरळ खाते. जिवंत मिळतो, काटे कमी, रस्सा काय सुरेख होतो! मालवणच्या माणसांना मी हे सांगितलं तर नाकं मुरडतात. त्यांनी तो खाल्लेला नाही, एवढाच त्यांचा दोष.

येताना काय आणावं?

ताजा मासा नको. आगळाची बाटली, आमसुलं, घरगुती मालवणी मसाला, मूठभर तिरफळं. सुक्यात सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) आणि जवळा; सोडे महाग वाटतील, पण वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात चार पडले तरी पुरतात. घेताना एक हातात दाबून बघा, ओलसर लागला तर लवकर बुरशी धरेल. घरी आल्यावर गच्चीवर एक कडक ऊन द्या, मांजरांपासून जपा, मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. आणि प्रवासात तीन पिशव्यांत बांधून डिकीत ठेवा. रेल्वेच्या एसी डब्यात सीटखाली ठेवलेत तर वर्ध्यापर्यंत अख्खा डबा तुमच्याकडे बघत येईल.